खातीपुऱ्यात न झालेला मलिदा

आमच्या मंडळाच्या यंदाच्या अहवालात एक वाक्य आहे. 'परदेशी पाहुण्यांची भेट अत्यंत यशस्वी झाली व त्यांनी समाजाच्या एकोप्याचे मनापासून कौतुक केले.' हे वाक्य मी लिहिलं, टाइप मी केलं आणि त्याच्या प्रती काढून घरोघर मीच दिल्या. त्यात खोटा शब्द एकही नाही. पाहुणे आले होते, कौतुकही त्यांनी केलं होतं. तरी ते वाक्य डोळ्यांसमोर आलं की अजून माझी कानशिलं तापतात. त्या रविवारी जे झालं ते अहवालात लिहिण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

मंडळ कसलं, ते आधी सांगतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी बोलणारे, शनिवारचा शब्बाथ पाळणारे. जयपुरात आमची घरं आठ. त्यांतली चार रेल्वेच्या बदल्यांमुळे आलेली आणि इथेच रुळलेली, उरलेली आम्ही कंपन्यांत नोकरी करणारी तरुण मंडळी. सांगानेरला खोली भाड्याने घेताना मालकाने मला जात-धर्म विचारला. मी 'यहूदी' म्हणालो. तो म्हणाला, "यहूदी, मतलब पारसी?" मी दिवसभर सामान उचलून दमलो होतो. हो म्हणालो. आजही त्या गल्लीत मी पारसीच आहे.

त्याच आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून म्हातारा आवाज. "तू त्या रेवदंड्याकडच्या सुताराचा मुलगा ना? शुक्रवारी संध्याकाळी खातीपुऱ्याला जेवायला ये. प्रार्थनेची टोपी नसली तर इथे आहे." मी जयपुरात आलो हे त्यांना कसं कळलं, असं विचारलं तर हसून म्हणाले, "तीस वर्षं गार्ड होतो. कोण कुठल्या स्टेशनात उतरला हे बघायची सवय आहे."

हे काका. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी खातीपुऱ्यातल्या आपल्या घराची पुढची खोली मंडळासाठी मोकळी केली होती. शुक्रवारी संध्याकाळी तिथे दिवे लागायचे, काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना व्हायची, मग काकींच्या हातचं जेवण. पेसाहच्या सणाच्या बिनखमिराच्या रोट्या मुंबईहून यायच्या, त्या बाकीच्या सात घरांत पोचवायच्या. कोणी दवाखान्यात असेल तर डब्यांच्या पाळ्या लावायच्या. एकटे राहणारे एक आजोबा होते, त्यांना रोज सकाळी आठ वाजता कोणीतरी फोन करायचाच. मुलांना हिब्रू प्रार्थना देवनागरीत लिहून द्यायच्या, कारण त्यांना देवनागरीसुद्धा हिंदीच्या तासालाच भेटलेली. एवढंच मंडळ. त्याला ना पाटी होती ना गाडी. काकांच्या वहीत सगळ्यांचे नंबर होते आणि काकींच्या स्वयंपाकघरात सगळ्यांचे पेले.

काका गेल्यावर वही चिटणीसांकडे आली. ते बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, स्वच्छ इस्त्रीचे कपडे, इंग्रजी उत्तम. त्यांनी मंडळाची नोंदणी केली, लेटरहेड छापलं, अहवाल सुरू केला. हे वाईट होतं असं मी म्हणत नाही. त्यांनीच दोन मुलांना शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. मलाही त्यांच्याबद्दल आदर होता.

आदर करण्यात मी तसाही पटाईत आहे. वडील सुतार, आई चौथीपर्यंत शिकलेली. दहावीला मला बरे गुण मिळाले, तेव्हा आमच्या समाजाच्या एका ट्रस्टने मला शहरातल्या वसतिगृहात ठेवलं, पुस्तकं दिली, इंजिनिअर होईपर्यंत सांभाळलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. दरवर्षी ट्रस्टच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांतर्फे आभार मानायला मलाच उभं करायचे. सात वर्षं मी आभार मानले. कोणाचं नाव आधी घ्यायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं अंगवळणी पडलं होतं. वडील पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "ज्यांनी हात दिला त्यांच्यापुढे मान वर करायची नाही." ते मनापासून म्हणायचे आणि मी मनापासून ऐकायचो. या सवयीने मला काय करायला लावलं, ते पुढे येईलच.

गेल्या पावसाळ्यानंतर काकींचा मुलगा रजेवर घरी आला आणि डेंग्यूने पडला. तो कोट्याला रेल्वेत इंजिन चालवतो. चौथ्या दिवशी त्याच्या प्लेटलेट इतक्या उतरल्या की डॉक्टर काकींशी बोलताना त्यांच्याकडे बघेनात. चिटणीसांनी वही उघडली. तासाभरात आम्ही सहा जण दवाखान्यात होतो. माझा रक्तगट जुळला. दीड तास हाताला मशीन लावून मी पडून होतो आणि बाहेर बाकावर काकी बसल्या होत्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं की त्या बाकावर त्यांनी एलियाहू हन्नबीला नवस केला. पोरगा आपल्या पायांनी घरी आला, तर मंडळातल्या सगळ्यांना बसवून मलिदा करीन आणि ताट त्याच्याच हातांनी उचलवीन.

मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वेलची घालून मोठ्या ताटात केलेला ढीग, त्यावर पाच फळं, खजूर आणि गुलाब. ते ताट मध्ये ठेवून प्रेषित एलियाहूची आठवण करायची, फळाफळावर आशीर्वाद म्हणायचे आणि सगळ्यांनी खायचं. जगातले दुसरे ज्यू हे करत नाहीत. आम्ही कोकणात किती पिढ्या करतोय याचा हिशेब कोणाकडे नाही. अलिबागजवळ एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, असं आमच्याकडे मानतात. नवस फळाला आला की मलिदा करायचाच. मुलाला नोकरी लागली, सून सुखरूप बाळंत झाली, माणूस मरणाच्या दारातून परत आला, की मलिदा.

पोरगा घरी आला. आपल्या पायांनी, पण भिंतीला धरत धरत. त्याला अंगात थोडीफार ताकद यायला तीन आठवडे गेले. मग रेल्वेचं पत्र आलं की सोमवारी कोट्याला हजर होऊन डॉक्टरी तपासणी द्यायची. म्हणजे मलिद्याला रविवारच उरला. काकींनी सातही घरी फोन केले. सगळे येतो म्हणाले. चिटणीसही.

शनिवारी दुपारी, शब्बाथ संपायचीही वाट न बघता, चिटणीसांचा मला फोन आला. परदेशातल्या एका ज्यू मदतसंस्थेचे दोघे जण भारतात फिरत होते, छोट्या छोट्या समाजांना भेटत होते. त्यांचा दिल्लीचा कार्यक्रम बदलला होता आणि ते उद्याच, रविवारीच, जयपुरात येत होते. दुपारी तीनला मंडळ बघायला येणार. मंडळ म्हणजे काकींची पुढची खोली.

"छान झालं," मी म्हणालो. "मलिद्यालाच येतील."

ते म्हणाले, "तेच तर नको आहे. तू जाऊन वहिनींना समजाव. तुझं त्या ऐकतात."

त्यांचं म्हणणं असं होतं की ते ताट, तो नारळ, ती फुलं बघून पाहुण्यांना वाटेल ही पूजाच चाललीय. 'हे कसले ज्यू,' म्हणतील. त्यांची मोठी बहीण खूप वर्षांपूर्वी इस्राएलला गेली होती. तिथे तिच्या लग्नाच्या वेळी ती खरी ज्यू आहे का याचा पुरावा मागितला होता. ती महिनाभर कागद गोळा करत फिरली. हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं आणि सांगताना दर वेळी त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्या शनिवारीही झाला. "तुला नाही कळणार," ते म्हणाले. "एकदा त्यांनी नाही म्हटलं की आपण कोणाचेच राहत नाही."

मला ते कळत होतं. पण बहिणीकडे पुरावा मागणारे जे कोणी होते, त्यांच्यावरचा हा राग होता. तो खातीपुऱ्यातल्या एका विधवेच्या स्वयंपाकघरात का उतरवायचा, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "ठीक आहे, जातो."

शब्बाथ संपल्यावर, अंधार पडता पडता गेलो. काकी नारळ सोलत बसल्या होत्या. मुलगा खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता.

"ये रे कंप्यूटर," काकी म्हणाल्या. "उद्या तीन नारळ खवायचेत. तुझ्या त्या लॅपटॉपात खोबरं खवता येतं का बघ."

मी हसलो आणि सांगितलं. पाहुणे येतायत, तीनला. चिटणीस म्हणतायत की मलिदा उद्या दुपारी नको. पाहुणे गेल्यावर, संध्याकाळी करू. सगळे थांबतील.

काकींचा हात थांबला. "का? पाहुण्यांना खोबरं सोसत नाही?"

"तसं नाही. त्यांना ते वेगळं वाटेल."

"वेगळं म्हणजे कसं?"

"पूजेसारखं."

मुलगा खुर्चीतून म्हणाला, "आणि आम्हांला ते कसे वाटतात, ते कोणी विचारलं का?"

काकींनी त्याला हाताने गप्प केलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्या खरोखर समजून घेऊ पाहत होत्या, हे मला आज जास्त खुपतं. त्यांनी विचारलं, "घर कोणाचं आहे रे हे?"

"तुमचंच."

"मग?"

आणि तेव्हा मी ते वाक्य बोललो. कोणी शिकवलं नव्हतं, चिटणीसांनीही सांगितलं नव्हतं. म्हणालो, "काकी, मंडळाने दवाखान्यात केवढं केलं ना आपल्यासाठी. एवढं एक त्यांच्यासाठी करू या."

माझ्या दंडावर अजून सुईचा डाग होता. ज्या रक्तासाठी त्यांनी एकदाही मला अवघडवलं नाही, दोन वेळा मेथीचे लाडू पाठवले आणि विषय संपवला, ते रक्त मी त्यांच्यासमोर असं ठेवलं. काकींनी माझ्याकडे बघितलं. मग नारळाकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी तर संध्याकाळी. पण सगळे थांबा हं. त्याची सकाळची गाडी आहे."

मी म्हणालो, "मी स्वतः सगळ्यांना थांबवतो."

रविवारी सकाळी अकरापासून मी तिथे होतो. चिटणीसांनी फ्लेक्सचा बॅनर आणला होता, इंग्रजीत, मंडळाच्या नावाचा. तो लावायला भिंत एकच सोयीची होती आणि त्या भिंतीवर एलियाहूच्या अग्निरथाचं चित्र होतं, काकांनी लावलेलं. आमच्या जवळजवळ प्रत्येक घरात ते असतं. चिटणीस म्हणाले, "काढू नका, वहिनींना वाईट वाटेल. वरून लावा." मी स्टुलावर चढून बॅनर लावला. कोपरा नीट बसेना म्हणून चित्राच्याच खिळ्याला दोरी बांधली.

दोन वाजता चिटणीसांच्या पत्नी आल्या. त्यांनी नवी लहरियाची साडी नेसली होती. आत जाऊन आरशासमोर त्यांनी मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सरकवलं आणि वरून पदराला पिन लावली. आमच्या बायका मंगळसूत्र घालतात, नेहमीच घालत आल्या. मी दारात होतो हे त्यांना आरशात दिसलं. त्या म्हणाल्या, "यांनी सांगितलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू पण हातातलं ते काढ." माझ्या मनगटात ऑफिसातल्या मैत्रिणीने बांधलेली राखी होती, रंग उडालेली. मी ती कात्रीने कापली.

आज हे लिहिताना मला चिटणीसांपेक्षा त्या कात्रीचा जास्त राग येतो, म्हणजे ती धरलेल्या हाताचा. कोणीही आमच्याकडे काही मागितलं नव्हतं. अजून पाहुण्यांची टॅक्सी विमानतळावरून निघालीही नव्हती. आम्ही सगळे शिकलेले, नोकऱ्या करणारे लोक एका खोलीत उभे राहून, न विचारलेल्या प्रश्नाच्या भीतीने, एकेक वस्तू झाकत होतो.

पाहुणे तीनच्या सुमारास आले. एक वयस्क गृहस्थ आणि एक पन्नाशीच्या बाई. गृहस्थांचे गुडघे दुखत होते. बाई हसऱ्या, प्रत्येकाला नाव विचारून ते दोनदा म्हणून बघणाऱ्या. चिटणीसांनी भाषण केलं. मुलांनी प्रार्थना म्हटली. हॉटेलातून आणलेल्या कचोऱ्या आणि मिठाई फिरवली. काकी मागे भिंतीशी बसल्या होत्या, त्यांच्याच खोलीत, पाहुण्यांसारख्या. मी त्यांच्या शेजारी होतो, कारण त्यांना इंग्रजी येत नाही.

सगळं आटोपत आलं तेव्हा त्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे पोह्यांचं एक ताट करतात ना, एलियाहूसाठी? मलिदा? मी त्याबद्दल वाचलंय. मला ते बघायची फार इच्छा होती. इथे कोणी करतं का?"

मी चिटणीसांकडे बघितलं. मला वाटलं ते हसतील. मला वाटलं सगळेच हसतील आणि बॅनर वगैरे विसरून कोणीतरी स्वयंपाकघराकडे धावेल.

चिटणीस म्हणाले, "पूर्वी करायचे. गावाकडचे काही जुने लोक अजून करत असतील. आम्ही इथे ते सगळं सोडलंय."

बाई म्हणाल्या, "अरेरे." खरंच तेवढंच म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

काकींना सगळ्या बोलण्यात एक शब्द ओळखू आला होता. त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. "मलिद्याचं काय म्हणाल्या रे त्या?"

सात वर्षं व्यासपीठावर उभं राहून आभार मानलेला मी. मला शब्द कधी कमी पडले नाहीत. मी म्हणालो, "आपल्या रूढींबद्दल विचारतायत. चिटणीस सांगतायत त्यांना."

"चांगलं सांगतायत ना?"

"हो."

दोन खुर्च्या सोडून काकींचा मुलगा बसला होता. त्याला इंग्रजी येतं. त्याने चिटणीसांचं बोलणं ऐकलं होतं आणि माझंही. तो खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठला आणि आत गेला. अजून तो चालताना भिंत धरत होता.

सहाला पाहुणे निघाले. चिटणीसांनी त्यांना एका हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. घराबाहेर त्यांनी माझं कोपर धरलं. "तू चल. ह्या बाईंचे उच्चार मला सगळे कळत नाहीत. आणखी दोघं-तिघं पुरुष हवेत, रिकामं टेबल बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "काकींचा मलिदा आहे."

"तासाभरात येतो ना परत. मी वहिनींना सांगितलंय."

पुरुष गेले म्हटल्यावर बाकीच्या घरांनीही आपापली मुलं उचलली. कोणाला शहराच्या दुसऱ्या भागात, मानसरोवरला, घरी जायचं होतं, कोणाच्या मुलाची सकाळी परीक्षा होती. परत येतो, असं सगळेच म्हणाले. मी गाडीत बसलो. मला कोणी जबरदस्तीने बसवलं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. चिटणीसांच्या हाताला काही जोर नव्हता. मी मान वर न करण्याच्या सवयीने बसलो.

हॉटेलात अंगणात नाच चालला होता. पाहुण्या बाईंनी घाघऱ्यांचे फोटो काढले. साडेसातला माझा फोन वाजला. काकींचा मुलगा. "आईने पोहे भिजवलेत. कधी येताय?"

"निघतोच आम्ही."

आठला पुन्हा वाजला. मी उचलला नाही, कारण त्या वेळी गृहस्थ त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगत होते आणि चिटणीस माझ्याकडे बघत होते. मग फोन वाजला नाही. भिजलेले पोहे किती वेळ टिकतात हे मला ठाऊक होतं. लहानपणी आईला बघितलंय. अर्ध्या तासात वाळतात किंवा लगदा होतात, मग त्यांचा ढीग रचता येत नाही. मी टेबलाखाली फोन धरून लिहिलं, 'उशीर होतोय, सॉरी.' त्या संदेशाला उत्तर आलं नाही. येण्यासारखं त्यात काही नव्हतं. सकाळच्या गाडीने तो कोट्याला गेला.

नंतरच्या शुक्रवारी खातीपुऱ्याच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या सिंधी बाईंनी किल्ली दिली. "भाभीजी बेटे के पास गयी हैं. बोलीं, आप लोग आओ तो खोल देना." आम्ही खोली उघडली, दिवे लावले, सरबत नव्हतं म्हणून द्राक्षांचा रस आणला. बॅनर अजून भिंतीवरच होता. तो मी उतरवला. चिटणीस म्हणाले, "राहू दे की, चांगला आहे." मी घडी करून त्यांच्या हातात दिला. माझ्या रागाला त्या दिवशी एवढंच सुचलं.

पुढच्या शुक्रवारी काकी परत आल्या होत्या. नेहमीसारख्या दारात उभ्या, हात ओले. सगळे जमल्यावर चिटणीसांनी मोठ्याने विचारलं, "काय वहिनी, कुठे गायब?"

"कोट्याला होते. मलिदा केला."

"अहो, मग कळवायचंत. आम्ही सगळे आलो असतो गाडी करून."

"कळवलं होतं की, भाऊ. सातही घरी फोन केले होते."

चिटणीसांच्या पत्नी पदराशी चाळा करत राहिल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "कोण कोण होतं तिथे?"

"रेल्वे कॉलनीतल्या बायका. ड्रायव्हर लोक. एकीने विचारलं, सत्यनारायण आहे का. म्हटलं, नाही बाई, एलियाहू आहे, बस. बसली. प्रार्थना पोराने एकट्यानेच म्हटली, चुकत चुकत. ताट त्यानेच उचललं."

तेव्हा मी बोललो. पाहुण्या बाईंनी मलिदा बघायचा म्हणून विचारलं होतं. त्यांची तीच इच्छा होती. आपण त्यांना म्हणालो की आम्ही ते सोडलंय. आणि काकींनी मला विचारलं तेव्हा मी त्यांना खोटं सांगितलं. हे मी सगळ्यांसमोर, त्या खोलीत, अग्निरथाच्या चित्राखाली उभं राहून सांगितलं. चिटणीसांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "समाजाने तुला शिकवलं, माणूस केलं, आणि तू चारचौघांत समाजाला असं बोलतोस?"

"समाजाने शिकवलं," मी म्हणालो. "म्हणूनच मी त्या दिवशी गप्प बसलो. तसं बसायला नको होतं."

"त्याला कशाला रागावता, भाऊ," काकी म्हणाल्या. "तो तुमचंच ऐकत होता."

त्यांनी ते मला वाचवण्यासाठी म्हटलं असावं. मला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. कारण ते खरं होतं आणि त्यांनी मला चिटणीसांच्या बाजूला ठेवून टाकलं होतं. ती जागा मी स्वतःच घेतली होती.

"आणि मला ते पोराने त्याच रात्री सांगितलं होतं," त्या पुढे म्हणाल्या. "तू काय सांगितलंस, त्यांनी काय सांगितलं, सगळं. मी वाट बघत होते, कोण बोलतंय." एवढं बोलून त्या आत सरबत आणायला गेल्या.

मलिद्याची एक रीत आहे. जो येऊ शकला नाही त्याच्या घरी त्याचा वाटा पोचवतात. डब्यात घालून, शेजारच्या गावीसुद्धा. आजाऱ्याला, परगावच्याला, भांडून बसलेल्या भावालाही. माझ्या गावी मी असे डबे घेऊन उन्हातून पळालोय. कोट्याहून जयपूर काही तासांचा रस्ता, आणि काकी स्वतःच येत होत्या. सातांपैकी एकाही घरी वाटा आला नाही. चिटणीसांच्या पत्नींनी दबक्या आवाजात विचारलं तेव्हा काकी ट्रे ठेवत म्हणाल्या, "संपला हो. माणसं बरीच होती."

मग त्या एकेकाला पेले देऊ लागल्या. माझ्याजवळ आल्या, मलाही दिला, काठोकाठ, नेहमीसारखा. थोडासा तरी उरला असेल, डब्यात कुठे, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पेला घेतला आणि विचारलं नाही. वाटा येऊ न शकलेल्यासाठी असतो. मला बसवण्यासाठी त्या रविवारी याच घरात पोहे भिजवले होते आणि मी त्या वेळी टेबलाखाली फोन धरून जेवत होतो.